'पाया' या शब्दाविषयी

आमच्या समीक्षेत 'बांधणी', 'घडण', 'पाया' हे शब्द मुबलक; ज्या धंद्यातून ते आले त्याविषयीचे आमचे अज्ञान मात्र अगाध. स्वतः उभे राहून घर बांधू लागलो तेव्हा ते उघडे पडले. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर टेकलेली भिंत तडकणारच. गवंडी म्हणाला, "सर, मुरूम लागेपर्यंत खणू द्या." आम्हांला त्यात खर्च वाढवण्याचा डाव दिसला. काँक्रीटवर किमान ७ दिवस पाणी मारायचे, ती मजुरीही वायफळ वाटली.

सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' (१९६६) शिकवताना आम्ही श्रमिकांच्या बाजूचे. खड्ड्याच्या काठावर मात्र मजुरीत घासाघीस करणारे. 'कारागीर फसवतात' ही स्टाफरूममधली तक्रार काही वेळा खरी असेलही. पण तोंडी बोली, रखडवलेले पैसे आणि रोज बदलणारा नकाशा, ही आम्ही केलेली फसवणूक कोणत्या खात्यात मांडायची?

दर आणि मोजमाप आधी लिहून द्यावे, झालेल्या कामाचे पैसे वेळेवर चुकते करावेत आणि मुरुमाबाबत गवंड्याचे ऐकावे. एवढेही जमत नसेल, तर कुणाच्या कादंबरीचा पाया कच्चा ठरवण्याचा अधिकार आम्हांला नाही.