फोटोत न आलेली बाई

टांझानियाची सफारी करून आलेल्या कुणाच्याही घरी जा, चहाच्या आधी फोटो पुढे येतात. आम्ही जाऊन आलो तेव्हा आमच्याही घरी तेच झालं. सिंह, हत्ती, झाडावर पहुडलेला बिबट्या. आणि त्यात वावगं तरी काय? सेरेंगेटी पाहताना डोळे निवतातच. फेब्रुवारीच्या सुमारास दक्षिणेकडच्या आखूड गवताच्या माळावर विल्डेबीस्टच्या माद्या वितात. दोन-तीन आठवड्यांत लाखो पिल्लं! जमिनीवर पडलेलं पिल्लू काही मिनिटांत आईमागे धावू लागतं. न धावून सांगतं कुणाला, तरस टपलेलेच असतात. ज्वालामुखीच्या राखेमुळे तिथलं गवत कसदार, म्हणून बाळंतपणाला इथेच यायचं. माहेरच म्हणा ना!

पण ‘माणसाचा स्पर्श न झालेली भूमी’ असं कुणी म्हणालं, की मला खटकतं. सेरेंगेटी हे नावच मुळी मसाई भाषेतून आलेलं. दूरवर पसरत गेलेली जमीन असा त्याचा अर्थ. माणसं नव्हती, तर नाव ठेवलं कुणी? १९५९ साली मसाईंना सेरेंगेटीतून काढून शेजारच्या गोरोंगोरोत जागा दिली. इथे गुरं चारा, वन्य प्राण्यांसोबत राहा, असं सांगून. २०२२ पासून त्यांना तिथूनही हलवायला सुरुवात झाली, शेकडो किलोमीटर लांब, म्सोमेरा गावी. ऑगस्ट २०२४ मध्ये हजारो मसाई याविरुद्ध रस्त्यावर उतरले होते.

सरकार म्हणतं, १९५९ मध्ये ८ हजार असलेली वस्ती लाखावर गेली, गुरं वाढली, जंगलावर ताण येतो. हे मोडीत काढण्यासारखं नाही. प्राणी वाचायलाच हवेत. पण मग गोरोंगोरोच्या त्या प्रचंड विवराच्या काठावरच्या हॉटेलांचं काय? तिथल्या गरम पाण्याचा, रोज धुतल्या जाणाऱ्या चादरींचा ताण येत नाही वाटतं? आमच्या ह्यांचं म्हणणं, पर्यटकांच्या पैशावरच तर जंगल टिकतं. खरंय. पण मग तो पैसा मसाई बाईच्या हातात किती पडतो, हेही विचारायला नको का?

मी बचत गटांचं काम करते, त्यामुळे माझी नजर आधी बायकांकडे जाते. मसाईंमध्ये घर बांधते ती बाई. काटक्या रोवायच्या, माती-शेणानं लिंपायचं, पावसात गळलं तर तिनंच दुरुस्त करायचं. दूध काढणं आणि कुणाला किती द्यायचं हेही तिच्याच हातात. एका नवऱ्याच्या दोन-तीन बायका असल्या, तरी प्रत्येकीचं घर वेगळं. म्सोमेरात सरकारनं पक्की घरं बांधून दिलीत, कुटुंबाला एक. आता त्या घरात कुठली बायको कुठे राहणार, आणि ते घर कागदावर कुणाच्या नावावर असणार?

आपल्यापैकी कुणी यंदा सफारीला निघाली असेल, तर गाईडला सिंहाबरोबर हेही विचारून या.