गजांआडची शिस्त : बाई मवाळ, पुरुष कठोर?

जळगाव : महिला कर्मचारी असल्या की तुरुंगातील शिस्त मवाळ होते, असा समज सर्रास आढळतो. तो तपासून पाहायला हवा.

मुंबईच्या भायखळा महिला कारागृहात जून २०१७ मध्ये मंजुळा शेट्ये या कैदी महिलेचा मृत्यू झाला. ती स्वतः वॉर्डर होती, म्हणजे इतर बंद्यांवर देखरेख ठेवण्याचे काम तिच्याकडेच सोपवलेले होते. तक्रारीनुसार वादाचे कारण होते दोन अंडी आणि पाच पाव यांचा न लागलेला हिशेब. मारहाणीच्या आरोपावरून सहा जणींना अटक झाली. सहाही तुरुंग खात्याच्या महिला कर्मचारी. त्यानंतर तीन वर्षांनी, सप्टेंबर २०२० मध्ये, जळगाव जिल्हा कारागृहात एका पुरुष बंद्याचा मृत्यू झाला. तेथेही आरोप मारहाणीचाच होता आणि तुरुंग अधिकारी-कर्मचाऱ्यांवर गुन्हा नोंदला गेला.

कायद्याने मात्र भेद मानला. १८९४ च्या तुरुंग कायद्याने महिला बंद्यांना बेड्या आणि फटक्यांच्या शिक्षेतून वगळले, त्यांची झडती स्त्रीनेच घ्यावी असे ठरवले. ही सवलत बंदी स्त्रीला होती. पहारेकरी स्त्रीच्या स्वभावाबद्दल कायदा काही सांगत नाही.

अमेरिकेतील अभ्यासही सावध करणारे आहेत. लिन झिमर यांना १९८६ मध्ये महिला रक्षकांचा भर धाकापेक्षा बोलण्यावर दिसला. मात्र १९९६ मधील जेन आणि कर्स्टिंग यांच्या अभ्यासात, प्रसंग हातघाईवर आला की महिला रक्षकही पुरुषांइतक्याच आक्रमक आढळल्या. आणि मवाळपणा ही काही बायकांचीच मिरास नव्हे. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ मध्ये विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली, साने गुरुजींनी ती उतरवून घेतली; आणि हे घडले ते परक्या सरकारच्या तुरुंगात.

तेव्हा प्रश्न काठी कोणाच्या हाती आहे एवढाच नाही. ती उगारली गेली तर पाहणारा बाहेरचा कोणी आहे का, हा आहे. अभ्यागत मंडळाची भेट, न्यायाधीशांची पाहणी, वेळेवरची वैद्यकीय तपासणी यांत ढिलाई झाली, तर बराकीतील तक्रार भिंतीबाहेर पोहोचतच नाही. भायखळ्याची पोहोचली, ती एका सहबंदी महिलेने पोलिसांत तक्रार दिली म्हणून. आणि त्या मृत्यूनंतर तुरुंगात निदर्शने करणाऱ्या दोनशेहून अधिक महिला बंद्यांवर दंगलीचा गुन्हा दाखल झाला.