कुळाचा दाखला आणि कारभाराची विद्या

लोकप्रशासन आणि यहुदी अध्ययन या दोन विषयांतील पदव्युत्तर पदव्या जोडीने संपादन करण्याचा अभ्यासक्रम न्यूयॉर्क विद्यापीठाने चालविला आहे. त्यात विद्यार्थी एकीकडे अंदाजपत्रक, नोकरवर्ग आणि सार्वजनिक संस्थांचा कारभार शिकतो. दुसरीकडे हिब्रू भाषा, यहुदी इतिहास आणि धर्मपरंपरा यांचा अभ्यास करतो. जालन्याच्या एखाद्या महाविद्यालयात ही वार्ता सांगितली तर ऐकणारे हसतील. जेथील पदवीधर तलाठ्याच्या आणि लिपिकाच्या परीक्षेसाठी वर्षानुवर्षे खोली भाड्याने घेऊन राहतात, तेथे यहुदी धर्मशास्त्र कोणाच्या पोटाला उपयोगी पडणार, असे ते विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर देण्यापूर्वी मराठी बोलणाऱ्याच एका समाजाची हकीकत ध्यानात घेतली पाहिजे.

कुलाबा जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या रायगडातील, बेने इस्रायल समाज शतकानुशतके तेलाचे घाणे चालवीत होता. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. गावाच्या नावावरून त्यांची आडनावे पडली, मराठी ही त्यांची घरची भाषा झाली. १९४८ नंतर यातील हजारो लोक इस्रायलला गेले. तेथे त्यांच्यापुढे जो प्रश्न उभा राहिला तो भाकरीपुरता नव्हता. तो दाखल्याचा होता. त्या देशात यहुद्यांचे विवाह धर्मपीठाच्या अधिकाराखाली नोंदले जातात. बेने इस्रायलांमध्ये पूर्वीच्या काळी घटस्फोट धर्मशास्त्राप्रमाणे झाले होते काय, अन्य समाजांशी सोयरीक झाली होती काय, अशी शंका धर्मपीठातील काहींनी काढली. १९६१ साली असे विवाह ग्राह्य ठरविण्यात आले; पण १९६२ च्या आरंभी विवाह नोंदविणाऱ्यांना सूचना गेल्या की, बेने इस्रायल वधूवरांच्या मातृकुळाची शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी.

कोकणातल्या खेड्यातून आलेल्या कामगाराने आजीच्या आजीच्या लग्नाचा कागद कोठून आणावा? जो कागद कधी लिहिलाच गेला नाही, तो हजर करता येत नाही म्हणून माणूस संशयित ठरला. शेवटी १९६४ च्या उन्हाळ्यात या लोकांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. त्या ऑगस्टमध्ये इस्रायलच्या संसदेला खास बैठक घ्यावी लागली आणि बेने इस्रायल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत, त्यांच्यात व इतरांत भेद नाही, असे जाहीर करावे लागले. त्यानंतर धर्मपीठाने आपल्या सूचनांतून या समाजाचे नाव काढले. मात्र ज्याच्या कुळाविषयी शंका असेल अशा कोणाचीही चौकशी करण्याची तरतूद कायम ठेवली. नाव गेले, शंका घेण्याचा अधिकार राहिला.

या प्रकरणात केवळ धर्मपंडित अपुरा पडला, कारण एका ओळीच्या सूचनेचे नोंदणीच्या खिडकीवर काय होते हे त्याला ठाऊक नव्हते. केवळ प्रशासकही अपुरा पडला असता. सूचनेच्या मुळाशी असलेला शास्त्रार्थ त्याला तपासता आला नसता. दोन्ही विद्या जाणणारी माणसे लागतात ती येथे. अशी माणसे महाराष्ट्रात झालीही. शासकीय सेवेत आयुष्य वेचलेल्या बेंजामिन जे. इस्रायल यांनी आपल्या समाजाचा इतिहास साधार लिहिला. त्यांचा अभ्यासग्रंथ १९८४ साली प्रसिद्ध झाला. त्यांच्या आधी जोसेफ एझेकिएल राजपूरकर यांनी मुंबईत शाळा चालवीत हिब्रू ग्रंथ मराठीत आणले आणि मुंबई विद्यापीठाचे हिब्रूचे परीक्षक म्हणून काम केले. ही विद्या मराठीला परकी नाही.

आता जालन्याकडे वळू या. अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे नाव सप्टेंबर २०२३ मध्ये देशभर गेले. मराठा आरक्षणासाठीचे उपोषण, १ सप्टेंबरचा लाठीमार आणि त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेली समिती हा क्रम सर्वांना ठाऊक आहे. मराठवाड्यातील जुन्या कागदांत 'कुणबी' नोंद शोधणे हे त्या समितीचे काम. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेण्यात आला. त्या मागणीचा न्यायनिवाडा हा येथील विषय नाही. तिच्या बाजूने व विरुद्ध बोलणारे दोघेही कष्टकऱ्यांचीच मुले आहेत. येथील मुद्दा असा की, निजामी राजवटीतील मोडी आणि उर्दू कागदांतला एक शब्द आज लाखो कुटुंबांचे भवितव्य ठरवीत आहे, आणि तो शब्द कोणी, कशासाठी, कोणत्या अर्थाने लिहिला हे सांगू शकणारा अधिकारी तहसील कचेरीत क्वचितच सापडतो. शनिवार तेल्याचा धंदा पाहून त्याचा धर्म ओळखता आला नसता. तसाच जुन्या नोंदीतला एक शब्द पाहून समाजाचा सारा इतिहास कळत नाही. ज्या भटक्या कुटुंबाच्या पूर्वजांची नोंद कोणत्याच दप्तरात झाली नाही, त्याची अवस्था तर १९६२ च्या बेने इस्रायलाहून वेगळी नाही.

एप्रिल २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने एकाच वेळी दोन पदव्यांचे शिक्षण घेण्यास मुभा दिली. म्हणजे नियमांची अडचण आता उरलेली नाही. अडचण आहे ती दृष्टीची आणि पैशाची. ज्याला एका पदवीचे शुल्क भरताना घरची जनावरे विकावी लागतात, त्याला दोन पदव्यांची मुभा देणे म्हणजे उपाशी माणसाला दोन ताटांची परवानगी देणे होय. अमेरिकेत संपन्न समाजाच्या संस्था आपले व्यवस्थापक घडविण्यासाठी असे शिक्षण उभे करू शकतात. येथे मोजक्या सधन समाजांनी आपापल्या मुलांसाठी तसे केले, तर प्रत्येक समाजाचा वकील तयार होईल. सर्वांचा अधिकारी होणार नाही. म्हणून ही जबाबदारी सार्वजनिक विद्यापीठाचीच आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने लोकप्रशासनाच्या विद्यार्थ्याला एखाद्या अल्पसंख्य किंवा उपेक्षित समाजाचा इतिहास, भाषा आणि लिपी यांची जोडपदवी शिष्यवृत्तीसह उपलब्ध करून द्यावी. तो समाज आपल्या जातीचा वा धर्माचा नसावा, एवढी एकच अट घालावी. घनसावंगीच्या मुलीने बेने इस्रायलांचा अभ्यास करावा, परतूरच्या मुलाने मोडी आणि उर्दू शिकून भटक्यांच्या तांड्यावर जावे. महाराष्ट्राने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्य दर्जा दिला. पण केंद्राच्या सूचीत सहा समाज आहेत आणि त्यांत यहुदी नाहीत. अशा संख्येने नगण्य समाजाचे गाऱ्हाणे ज्याला समजते, त्याला कोणाचेही समजेल.

कार्यकर्त्यांनी या मागणीकडे विद्वानांची चैन म्हणून पाहू नये. दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाला खिडकीपलीकडे केवळ शिक्का मारणारा हात भेटावा की त्याची कहाणी वाचता येणारे डोळे भेटावेत, हा प्रश्न त्या रांगेचाच आहे. आणि ती रांग जालन्यात रोज लागते.