तयार घ्यावा, की घरी जोडावा?



सातवीतल्या एका मुलाचं पत्र आलंय. तो लिहितो, “गेम खेळायला संगणक घ्यायचा आहे. दादा म्हणतो, सुटे भाग आणून घरीच जोडू, पैसे वाचतील. बाबा म्हणतात, काही नको, कंपनीचा तयार आणू, बिघडला तर कोणाला तरी विचारता येईल. दोघांचं रोज वाजतं. आईनं भिशीचे पैसे त्यासाठी बाजूला ठेवलेत. ते वाया जायला नकोत. कोणाचं बरोबर?”

दादाचंही बरोबर आहे आणि बाबांचंही! मग रोज वाजतं कशावरून? संगणकात काय काय हवं, हे अजून कोणी कागदावर लिहिलेलंच नाही, म्हणून. चला, आज तो कागद तयार करूया.

पण आधी एक गंमत. मिक्सर किंवा टीव्ही सुटे भाग आणून जोडावा, असं कोणाच्या मनात येत नाही. मग संगणकाचंच का येतं?

कारण घरगुती संगणक पहिल्यापासून तसाच विकला गेला. १९७५ साली अमेरिकेत ‘अल्टेअर ८८००’ नावाचा संगणक निघाला. तो दोन प्रकारे मिळायचा. एक सुट्या भागांचा संच, दुसरा जोडून तयार. संच स्वस्त, तयार महाग. त्याला ना पडदा, ना कीबोर्ड! पुढच्या बाजूला नुसते खटके आणि लुकलुकणारे दिवे. तरी हौशी लोक संच मागवून घरच्या टेबलावर डाग देत बसले. पुढे १९८१ मध्ये आयबीएमनं आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ काढला. त्यातला प्रोसेसर इंटेल या दुसऱ्या कंपनीचा होता. हळूहळू इतर कंपन्याही त्याला जुळणारे भाग बनवू लागल्या. १९९५ मध्ये इंटेलनं ‘एटीएक्स’ नावाचं एक माप ठरवून दिलं. मदरबोर्ड केवढा, स्क्रूची भोकं कुठं, वीज कुठून जोडायची, हे सगळं त्यात आलं. म्हणून आज एका कंपनीचा मदरबोर्ड दुसऱ्या कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो. म्हणजे दादा आणि बाबांचं भांडण पन्नास वर्षांचं जुनं आहे बरं का!

आता शाळेचा गणवेश आठवा. तो तीन तऱ्हांनी मिळतो. दुकानातून तयार आणायचा. कापड आणून आईनं किंवा आजीनं घरी शिवायचा. नाहीतर कापड आपण निवडायचं आणि शिंप्याकडं माप द्यायचं. तयार गणवेश लगेच मिळतो, पण आतली शिवण कच्ची आहे का, हे उसवल्यावरच कळतं. घरी शिवला तर मनासारखा होतो, पण हात बसलेला लागतो. संगणकालाही हे तीनही मार्ग आहेत. दादा आणि बाबांना मात्र दोनच दिसतायत. तिसऱ्याकडं आपण शेवटी येऊ.

कागदावर पहिली ओळ : कोणता गेम?

नुसतं ‘गेमिंग’ लिहून चालणार नाही. गेमची नावं लिहा. प्रत्येक गेम विकणारे त्याच्या माहितीत ‘कमीत कमी काय लागेल’ आणि ‘काय असलं तर उत्तम’ अशा दोन याद्या देतात. त्या उतरवून घ्या. साध्या मांडणीतलं माइनक्राफ्ट वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवायही चालतं. मोठ्या, खऱ्यासारख्या दिसणाऱ्या गेमना ते कार्ड लागतंच, आणि सगळ्या यादीत बहुधा तेच सर्वांत महाग असतं.

मग पडदा. साध्या फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात. गुणाकार करा : २०,७३,६००. फोरके पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६०. त्याचा गुणाकार ८२,९४,४००. बरोबर चौपट! कार्डाला दर सेकंदाला अनेकदा हे सगळे ठिपके रंगवायचे असतात. म्हणून मोठ्या पडद्याचा हट्ट धरला, की कार्डही महागडं घ्यावं लागतं. फुल एचडीवर समाधान मानलं, तर आईचे बरेच पैसे इथंच वाचतील.

दुसरी ओळ : कोणाचं कोणाशी जमतं?

प्रोसेसर मदरबोर्डवरच्या सॉकेटमध्ये बसतो. सॉकेट वेगळं, तर प्रोसेसर बसणारच नाही. एएमडीच्या एएम-४ सॉकेटच्या बोर्डावर डीडीआर-४ जातीची रॅम लागते, एएम-५ वर डीडीआर-५. दोन्ही पट्ट्यांवर २८८ सोनेरी संपर्क असतात, दिसायलाही त्या जुळ्या बहिणी वाटतात. पण मधली खाच वेगळ्या जागी असते, म्हणून एकीच्या जागी दुसरी बसत नाही.

रॅम १६ जीबी हवी असेल, तर १६ची एक पट्टी घेण्यापेक्षा ८च्या दोन बऱ्या. एका खिडकीवर रांग लावण्यापेक्षा दोन खिडक्यांवर काम लवकर होतं ना, तसंच हे. काही तयार संगणकांत एकच पट्टी असते. विकत घेण्याआधीच विचारा.

अक्षरांकडंही लक्ष ठेवा. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल, तर त्यात चित्र दाखवायची सोय नसते. त्याला वेगळं कार्ड घ्यावंच लागतं. ‘कार्ड पुढच्या वर्षी घेऊ’ असं ठरवून असा प्रोसेसर आणला, तर वर्षभर काळा पडदा बघत बसावं लागेल!

तिसरी ओळ : वीज किती लागेल?

संगणकात वीज पुरवणारा एक चौकोनी डबा असतो. दुकानात त्याला एसएमपीएस म्हणतात. तो चमकत नाही, म्हणून त्याच्याकडं कोणी बघत नाही, आणि काटकसर करणारे दुकानदार आधी तिथंच हात आखडता घेतात.

चला, हिशेब करू. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० कार्डासाठी कंपनीनं ११५ वॅट हा आकडा दिलाय. रायझन ५ ५६०० या प्रोसेसरवर ६५ वॅट लिहिलेलं असतं, जोर लावला की तो थोडी जास्तच घेतो. बोर्ड, रॅम, पंखे वगैरे मिळून ६० वॅट धरू. बेरीज २४०. पण या कार्डासाठी एनव्हिडिया ५५० वॅटचा पुरवठा सुचवते. दुपटीहून जास्त का? गेममध्ये गर्दीचा प्रसंग आला, की कार्ड क्षणभर एकदम जास्त वीज ओढतं. डबा तोकडा पडला, तर संगणक खेळता खेळता बंद पडतो. शिवाय सतत पूर्ण ताणावर चालणारा डबा तापतो आणि लवकर थकतो. म्हणून यादीत नुसते वॅट लिहू नका, डब्याची कंपनी आणि वॉरंटीची वर्षंही लिहा. लाइट वरचेवर जात असेल, तर यूपीएसही यादीत हवा.

चौथी ओळ : पैसे

दादा म्हणतो, घरी जोडला की पैसे वाचतात. बऱ्याचदा वाचतात, पण नेहमी नाही. २०२१ मध्ये ग्राफिक्स कार्डांचा एवढा तुटवडा पडला, की सुटं कार्ड दामदुपटीनं घेण्यापेक्षा काहींना अख्खा तयार संगणक परवडला. २०२५ संपता संपता रॅमचे भाव झपाट्यानं चढले, कारण एआयच्या मोठमोठ्या डेटा सेंटरना मेमरी हवी होती. म्हणून दोन्ही भाव एकाच दिवशी काढा आणि शेजारी शेजारी लिहा. तयार संगणकात पुष्कळदा विंडोजची किंमत धरलेली असते. सुट्या भागांच्या बेरजेत ती वेगळी मिळवा. नाहीतर हिशेब खोटा ठरेल.

पाचवी ओळ : बिघडला तर कोण?

ही ओळ बाबांची. तयार संगणक बिघडला, तर एकाच कंपनीला फोन करायचा. पण ही वॉरंटी पुष्कळदा एकच वर्षाची असते. सुट्या भागांत प्रत्येकाची वॉरंटी वेगळी. इंटेल आणि एएमडीच्या पेटीबंद प्रोसेसरवर सहसा तीन वर्षं मिळतात. म्हणजे मुदत जास्त, पण नेमका कोणता भाग बिघडला, हे आपणच शोधायचं आणि तो भाग घेऊन आपणच फिरायचं. तुमच्या घरात हे करणारं कोणी आहे का? खरं उत्तर लिहा. दादा पुढच्या वर्षी शिकायला परगावी जाणार असेल, तर तेही लिहा!

तयार संगणक घेताना आणखी एक प्रश्न विचारायचा : “यातला बोर्ड आणि एसएमपीएस नेहमीच्या मापाचे आहेत ना?” काही कंपन्या आपल्याच मापाचे भाग वापरतात. मग चार वर्षांनी एक भाग बदलायचा तर बाजारातला बसत नाही.

आणि आता तिसरा मार्ग

तो शिंप्याचा! यादी आपण करायची, भाग आपण निवडायचे आणि जोडणी दुकानदाराकडून समोर बसून करून घ्यायची. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत असे दुकानदार आहेत. तालुक्याच्या गावीही एखादा असतो. प्रत्येक भागाची पेटी आपल्यासमोर उघडायला सांगा. बिलावर प्रत्येक भागाचं नाव आणि नंबर घ्या. रिकामी खोकी घरी आणून माळ्यावर ठेवा. दादाला जोडणी बघायला मिळेल आणि बाबांना विचारायला एक माणूस मिळेल. पहिल्यांदाच संगणक घेणाऱ्या घराला मला हाच मार्ग योग्य वाटतो. जवळ असा भरवशाचा दुकानदार नसेल आणि घरात जाणतं कोणी नसेल, तर बाबांचं ऐका. जोडणीसाठी एक अख्खा रविवार देणारं जाणतं माणूस असेल, तर दादाचं ऐका.

दादाचं ऐकलंत, तर एवढं पाळा. वायर काढलेली असू द्या. अंगातली स्थिर वीज जाण्यासाठी हात लावण्याआधी कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करा. प्रोसेसरवरचा छोटा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी जुळवा आणि तो दाबून बसवू नका. पडद्याची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा, बोर्डाला नव्हे. आणि एसएमपीएसचा डबा कधीही, कध्धीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्याच्या आत वीज साठून राहते.

पालकांसाठी दोन शब्द

आई-बाबांनो, हा कागद मुलांनाच लिहू द्या आणि मग त्यांच्यासोबत बसून तपासा. खेळताना पडद्यासकट ३०० वॅट लागत असतील, तर रोज दोन तासांचे महिन्याला १८ युनिट होतात, हा हिशेबही त्यांच्याकडूनच करून घ्या. वीजबिल आणि खेळाची वेळ, दोन्ही बोलणी एकाच बैठकीत उरकतील. ज्या मुलानं आठ दिवस खपून यादी केली, त्याला पैशाची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

करून पाहा

एखाद्या तयार संगणकाची जाहिरात घ्या. आपल्या पाच ओळी लिहा आणि जाहिरातीत ज्यांचं उत्तर नाही, त्यांच्यापुढं फुली मारा. त्या फुल्या म्हणजेच दुकानात विचारायचे प्रश्न.

आणि हे एक गणित : कार्ड २०० वॅट, प्रोसेसर १०५ वॅट, बाकी सगळं ६० वॅट. दुकानदार म्हणतो, ४५० वॅटचा एसएमपीएस पुरेल. तुम्ही त्याला काय सांगाल? उत्तर कारणासकट वहीत लिहा आणि दादाला, ताईला तपासायला द्या.