कोरम आहे का, बॉस?

नवं कॅलेंडर हातात पडलं की आपण सगळ्यात आधी काय बघतो? खरं सांगा. संकष्टी? छे! सुट्ट्या. त्यातही लाँग वीकेण्ड. २०२६ चं कॅलेंडर म्हणजे तर लॉटरीच: २६ जानेवारी सोमवारी, १ मे शुक्रवारी, २ ऑक्टोबर पुन्हा शुक्रवारी. १५ ऑगस्ट तेवढा शनिवारी येऊन फुकट गेला. चालायचंच.

या तारखांना आपण काय करतो तेही ठरलेलं. महाबळेश्वर, अलिबाग, तारकर्ली... आणि बजेटनं अगदीच दगा दिला तर गावी. गावी गेलो तरी अकरापर्यंत लोळायचं, मग आईच्या हातचं मटण, मग परत लोळायचं. नेमक्या त्याच अकरा वाजता मारुतीच्या देवळात सतरंजी अंथरलेली असते. कारण बहुतेक गावांत रिवाजानं याच चार दिवशी ग्रामसभा असते. वर्षातून किमान चार घ्यायच्या असा कायदा आहे, आणि चारही पडतात तुमच्या-माझ्या सुट्टीला. एवढी एम्प्लॉयी-फ्रेण्डली मीटिंग आपल्या एचआरलाही कधी जमलेली नाही!

मी मूळचा तासगाव तालुक्यातला, जिल्हा सांगली. ऑफिसात हे सांगितलं की समोरचा म्हणतो, 'अरे, द्राक्षं!' बरोबर. तालुक्यातल्या बोरगावच्या एका शेतकऱ्यानं थॉमसन सीडलेसमधून निवडून काढलेल्या जातीचं नावच 'तास-ए-गणेश'. गाव आणि गावचा देव, दोन्ही एकाच घडात. हा देव म्हणजे परशुरामभाऊ पटवर्धनांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या देवळातला उजव्या सोंडेचा गणपती. ऋषिपंचमीला त्याचा रथ निघतो आणि तो माणसं दोर धरून ओढतात. इंजिन नाही, बैल नाहीत. त्या दोराला नुसता हात लागावा म्हणून पुण्या-मुंबईतली पोरं रात्रीची गाडी पकडून येतात. तिथं कोरमचा प्रॉब्लेम कधी आलेला नाही.

ग्रामसभेला येतो.

कोरम म्हणजे गणपूर्ती. हिशोब सोपा आहे. गावच्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातला जो आकडा लहान तो. चारशे मतदारांची वाडी असेल तर साठ जण हवेत. तीन हजारांचं गाव असेल तर शंभर. तीन हजारांत शंभर म्हणजे तीस मतदारांत एक माणूस म्हणा ना! तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब. आणि खरी गंमत पुढेच आहे. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्ती लागतच नाही.

सोसायटीच्या एजीएमला हा सिनेमा आपण पाहिलाय. अर्धा तास थांबायचं, चहा घ्यायचा, मग उरलेल्या सात काकांनी मेन्टेनन्स वाढवायचा. गावात फरक एवढाच की तिथं विषय मेन्टेनन्सचा नसतो. घरकुलाच्या यादीत कुणाचं नाव राहणार, गटार कुठल्या आळीला आधी, पाइपलाइन कुठल्या वस्तीपर्यंत जाऊन थांबणार, असले विषय असतात. शिवाय काही ठिकाणी हजेरीचं रजिस्टर सभा उरकल्यावर घरोघर फिरतं. माणूस रानात, सही सभेत.

मागे एका १ मेला मी सुट्टीवर गावी होतो. आमचं गाव तालुक्याच्या पूर्वेला, म्हणजे उन्हाळ्यात पाण्याचं नाव काढलं की आवाज चढणाऱ्या बाजूला. सहज म्हणून देवळाकडे गेलो. भाऊसाहेब रजिस्टर घेऊन बसलेले. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. २०२४ पासून त्यांना कागदावर 'ग्रामपंचायत अधिकारी' म्हणतात, गावात ते भाऊसाहेबच. सही करायला हात पुढे केला, तर त्यांनी रजिस्टर अलगद पुढच्या माणसाकडे सरकवलं.

"तुमचं नाव न्हाई यादीत, पाव्हणं. बसा की, चा घ्या."

पाव्हणं! ज्या देवळात मी गोट्या खेळलो तिथं! पण भाऊसाहेबांचं बरोबर होतं. गावच्या मतदार यादीत ज्याचं नाव, तोच ग्रामसभेचा सदस्य. माझं नाव हडपसरच्या यादीत. तेव्हा मी खांबाला टेकून प्रेक्षक झालो.

साडेअकरा वाजले. डोकी मोजली, अठ्ठ्याऐंशी. पुढारी मंडळींत कुजबुज सुरू झाली, "तहकूब करूया, बुधवारी घेऊ." माझी थोरली काकी बायकांच्या घोळक्यात पुढेच बसली होती. तिला बुधवारचा अर्थ बरोब्बर कळला. बुधवारी तिच्या आळीतल्या सगळ्या बाया बागेत रोजगाराला असणार. (तशा त्या १ मेलाही होत्याच. कामगार दिनाची सुट्टी एसीत बसणाऱ्या आपल्याला मिळते, खुरपं धरणाऱ्यांना नाही.) काकीनं एका पोराला सायकलवरून पिटाळलं. वीस मिनिटांत बाया आल्या, डोक्याला बांधलेले पदर तसेच, कुणाच्या हातात खुरपं तसंच. भाऊसाहेबांनी पुन्हा मोजलं. एकशे चार.

मागचं प्रोसिडिंग वाचून झालं, जमाखर्च झाला, तो कुणी ऐकला नाही. मग काकी उठली.

"भाऊसाहेब, वरच्या आळीला पाणी सकाळी सातला येतंय. आमच्या आळीला रातच्याला तीनला. आमी काय वटवाघळं हाय व्हय?"

हशा पिकला. सरपंच बाई आहेत, खुर्चीवर त्याच बसल्या होत्या. उत्तर मात्र शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मालकांकडून आलं. "काकी, त्यो प्रेशरचा विषय हाय. बघू नंतर."

"तुमाला कोन इचारलंय? मी सरपंच बाईंना इचारतीया."

देवळात एकदम शांतता. २०११ पासून आपल्या राज्यात पंचायतींमध्ये निम्म्या जागा बायकांना आहेत. पण खुर्ची मिळणं आणि बोलायला मिळणं यात अंतर किती, ते त्या अर्ध्या मिनिटात दिसलं. मग सरपंच बाई बोलल्या. आवाज बारीक, पण बोलल्या. "पाळी फिरवता यील. एक आठवडा ह्या आळीला सकाळी, एक आठवडा त्या आळीला."

"मग तसं लिवा प्रोसिडिंगला," काकी म्हणाली आणि लिहून होईपर्यंत खाली बसली नाही.

तुम्ही विचाराल, पाळी फिरली का? फिरली. महिनाभर. मग व्हॉल्व्ह सोडणारा पुन्हा जुन्या सवयीवर गेला, आणि १५ ऑगस्टच्या सभेत काकीनं तेच पान सगळ्यांसमोर पुन्हा वाचायला लावलं. तेव्हापासून बरं चाललंय म्हणतात. तोंडी तक्रार हवेत जाते. ठरावाला तारीख असते, नंबर असतो आणि तो नाकारायला पुन्हा माणसं जमवावी लागतात.

असली भांडणं फक्त आपल्याकडेच होतात असं वाटत असेल तर यूट्यूबवर इंग्लंडातल्या हँडफोर्थच्या पॅरिश कौन्सिलची मीटिंग बघा. डिसेंबर २०२० ची ही झूमवरची सभा २०२१ च्या फेब्रुवारीत जगभर व्हायरल झाली. पॅरिश कौन्सिल म्हणजे त्यांची ग्रामपंचायतच समजा. सभा चालवायला आलेल्या जॅकी वीव्हर बाईंना अध्यक्ष ओरडून सांगतायत की तुम्हाला इथं काही अधिकार नाही, आणि बाई शांतपणे त्यांनाच मीटिंगबाहेर काढतायत! सॉलिड टाइमपास आहे. आमच्या काकीला दाखवला. तिला इंग्रजी ओ की ठो कळत नाही, पण म्हणाली, "बाई खमकी हाय."

आता म्हणाल, पाणी-गटारापलीकडे ही सभा काय करू शकते? लांब कशाला, आसपास बघू. आमच्याच जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी बायकांच्या बैठकीत ठरलं आणि देवळावर भोंगा बसला. संध्याकाळी सातला वाजला की टीव्ही, मोबाइल बंद. साडेआठपर्यंत पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी बोलायचं. आपण हजारो रुपये मोजून डिजिटल डिटॉक्सच्या रिसॉर्टला जातो, यांचा एका भोंग्यात भागला! शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं त्याच वर्षी ४ मे रोजी ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र काढायचं नाही. १७ मे रोजी राज्य सरकारनं परिपत्रक काढून इतर गावांना सांगितलं, यांचं बघा. तेरा दिवसांत! आपल्याकडे लॅपटॉप बदलून मिळायला याहून जास्त लागतात.

आमच्या तालुक्याला हे सगळं नवीन नाही. अंजनीचे आर. आर. पाटील, सगळ्यांचे आबा, ग्रामविकास मंत्री होते तेव्हा २००० साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं आणि ते गृहमंत्री असताना २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम. दोन्हींचं इंजिन एकच होतं: गावानं एकत्र यायचं. तंटामुक्तीची समितीसुद्धा ग्रामसभेतूनच निवडायची. आबा २०१५ मध्ये गेले. माझं प्रामाणिक मत विचाराल तर या मोहिमांत बक्षिसाची हौस जरा जास्तच होती. ढाल मिळाली की झाडू कोपऱ्यात, असं झालेली गावंही आहेत. पण हागणदारी, उकिरडा हा विषय चारचौघांत मोठ्यानं बोलायची सवय तेव्हाच लागली, हेही खरं.

आणि पैसा? हा भाग कोरडा आहे, पटकन उरकतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातला ८० टक्के वाटा आपल्या राज्यात थेट ग्रामपंचायतीकडे जायचा. २०२१ ते २०२६ या वर्षांत त्यातला मोठा हिस्सा, ६० टक्के, पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखलेला होता. आपल्या गावानं कशावर किती खर्च दाखवलाय ते केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर लंच टाइममध्ये बघता येतं. बघाच एकदा. कधीकधी असा एखादा रस्ता भेटतो, ज्यावरून आपण रोज शाळेत गेलो आणि जो आपल्याला कधीच दिसला नाही.

शहरात आपल्याला हेही नाही, बरं का. पुणे महापालिकेत मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाचा. तासगाव शहरातही नगरपरिषदेची निवडणूक होईपर्यंत २०२५ चा डिसेंबर उजाडला. खड्डा दिसला की ट्विट करा आणि वाट बघा, एवढाच आपला नागरिकशास्त्राचा प्रॅक्टिकल. भाऊसाहेबांना तोंडावर विचारायची सोय गावात आहे, आणि तिथं आपण लोळत असतो.

ग्रामपंचायतीचं इलेक्शन आलं की मात्र चित्र बघण्यासारखं असतं. स्वारगेटला, कात्रजला, हडपसरला गावाहून गाड्या येतात. पुण्यातली मतं उचलायची, रात्रीतून गावी, मतदान, वाटेत जेवण, परत. एकेका मतासाठी केवढी ती मनधरणी! ग्रामसभेला कुणीही गाडी पाठवत नाही. खरं तर जो बोलावत नाही, त्यानं का बोलावलं नाही हा प्रश्न पडायला हवा. निवडून यायला तुमचं एक मत लागतं, कारभार करायला तुमची गैरहजेरी पुरते.

काकीचा धाकटा हिंजवडीत आहे. माझ्यासारखं त्यानं नाव हलवलेलं नाही, गावच्याच यादीत आहे. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही, आणि त्याला पुण्याचा नगरसेवक कोण याच्याशी काही देणंघेणं नाही म्हणतो. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एरवी गुड मॉर्निंगची फुलं आणि वाढदिवसांचे बॅनर पडतात. तिथं त्यानं परवा एक ओळ टाकली: 'सभेची नोटीस सात दिवस आधी लागते, तिचा फोटो टाका. विषयपत्रिका वाचायची आहे.' निळ्या टिका सगळ्यांच्या. उत्तर एकाचंही नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं तीच ओळ पुन्हा टाकली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. चौथ्या दिवशी कुणीतरी ग्रामपंचायतीच्या फळ्याचा फोटो टाकला, तिरका, अर्धा अंगठ्यानं झाकलेला. झूम करून वाचला तर विषय क्रमांक पाच: खालच्या आळीच्या पाइपलाइनबाबत.

२ ऑक्टोबरला तो गाडी घेऊन निघतोय, पहाटे पाचला, कात्रजमार्गे. मागच्या सीटवर दोन जागा आहेत, यादीत नाव असणाऱ्यांना प्राधान्य. तारकर्लीचं बुकिंग रद्द झाल्यापासून वहिनी त्याच्याशी बोलत नाहीयेत.