चांदीला वकील, माणसांना कोण?

पोशीरपासून समुद्र दूर असला, तरी मुंबईहून सुटलेल्या ‘तिलावा’ बोटीचा विसर आपणांस पडता कामा नये. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ती आफ्रिकेकडे निघाली. २३ तारखेस जपानी पाणबुडीने तिला बुडविले. बोटीवरील ९५८ जणांपैकी २८० जण मृत्युमुखी पडले. बोटीबरोबर २,३६४ लगडी चांदीही बुडाली. २०१७ मध्ये ती वर काढण्यात आली. तिच्यावरील हक्काचा वाद ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. मे २०२४ मध्ये निकाल लागला. त्या निकालाविषयी माझी तक्रार नाही. परंतु माझा प्रश्न आहे : चांदीची बाजू मांडावयास वकील उभे राहिले, बुडालेल्यांसाठी कोण उभे राहिले? लगडींची मोजदाद होते, तितक्याच कसोशीने माणसांची नावे जपली जातील, तेव्हाच न्याय पुरा होईल.