‘प्रलय’ आणि पाच मिनिटांचा विवेक

३१ डिसेंबर २०२५ रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावरून ‘प्रलय’ जातीची दोन क्षेपणास्त्रे एकाच प्रक्षेपकावरून लागोपाठ सोडण्यात आली आणि चाचणी यशस्वी झाल्याचे सरकारने जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी, १ जानेवारी २०२६ रोजी, भारत व पाकिस्तान यांनी आपापल्या अणुप्रतिष्ठानांच्या याद्या एकमेकांना सादर केल्या. या प्रतिष्ठानांवर हल्ला न करण्याचा करार ३१ डिसेंबर १९८८ रोजी इस्लामाबादेत राजीव गांधी व बेनझीर भुट्टो यांच्या उपस्थितीत झाला होता. १९९२ पासून याद्यांच्या या देवाणघेवाणीत एकदाही खंड पडलेला नाही. पहिल्या घटनेचा गाजावाजा झाला, दुसरीची दखल फारशी कोणी घेतली नाही. उपखंडातील सामान्य माणसाच्या जीविताची हमी मात्र या दुसऱ्या घटनेतच अधिक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

‘प्रलय’ हे दीडशे ते पाचशे किलोमीटर पल्ल्याचे, घन इंधनावर चालणारे व मोटारवाहनावरून कोठेही नेता येणारे अस्त्र आहे. उड्डाणात ते आपला मार्ग बदलू शकते, म्हणून त्याला अडविणे अवघड. त्याच्या निर्मितीत हैदराबादच्या प्रयोगशाळांबरोबर पुण्यातील पाषाण व दिघी येथील संशोधन संस्थांचाही वाटा आहे. त्या शास्त्रज्ञांच्या व कामगारांच्या कर्तबगारीबद्दल आमच्या मनात आदरच आहे. राष्ट्राने निःशस्त्र राहावे असे समाजवाद्यांनी कधी म्हटलेले नाही. एप्रिल २०२५ मध्ये पहलगाम येथे निरपराध पर्यटकांचे हत्याकांड झाल्यावर तर संरक्षणसिद्धतेची गरज कोणी नाकारू शकत नाही. प्रश्न आहे तो सिद्धतेबरोबर विवेकाचीही जोपासना होते आहे काय, हा.

सरकारच्या म्हणण्यानुसार ‘प्रलय’वर अण्वस्त्र बसविले जाणार नाही. आम्ही हे खरे मानतो. परंतु जुलै २०२५ मध्ये काय घडले ते पाहा. १७ जुलैला याच किनाऱ्यावरून ‘पृथ्वी-२’ची चाचणी झाली. त्याचा पल्ला सुमारे साडेतीनशे किलोमीटर असून ते अण्वस्त्र वाहून नेऊ शकते. त्यानंतर २८ व २९ जुलैला तेथूनच ‘प्रलय’ झेपावले. युद्धाच्या ऐन धामधुमीत सीमेपलीकडच्या रडारवर एक ठिपका दिसेल, तेव्हा त्याच्या टोकाशी साधा स्फोटक आहे की अणुबॉम्ब, हे तेथील अधिकाऱ्याने कशावरून ओळखावे? पाकिस्तानने २०११ मध्ये साठ किलोमीटर पल्ल्याच्या ‘नस्र’ची चाचणी करून अण्वस्त्र थेट रणांगणावर आणण्याचा मनोदय दाखविला, तेव्हा हाच गोंधळ त्याने आपल्या माथी मारला. अण्वस्त्राचा प्रथम वापर न करण्याचे बंधन भारताने स्वतःवर घालून घेतले आहे. पाकिस्तानने ते घातलेले नाही. म्हणून चुकीच्या निदानाचा धोका आपल्यालाच अधिक भोवेल.

तीन-चारशे किलोमीटरचे अंतर असे अस्त्र पाच-सहा मिनिटांत कापते. एवढ्या अवधीत मंत्रिमंडळाची बैठक भरत नाही, संसदेचे तर नावच नको. युद्ध करावे की नाही हा लोकशाहीतील सर्वांत गंभीर निर्णय. तो लोकप्रतिनिधींच्या हातून निसटून यंत्रापुढे बसलेल्या एखाद्या अधिकाऱ्याच्या हाती जातो. आणि माणूस चुकतो. ९ मार्च २०२२ रोजी आपले एक ‘ब्रह्मोस’ क्षेपणास्त्र चुकून सुटले व पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ जाऊन पडले. त्यात स्फोटक नव्हते आणि दोन्ही देशांत त्या वेळी युद्धज्वर नव्हता, म्हणून निभावले. तीन अधिकाऱ्यांना पुढे बडतर्फ करण्यात आले. हेच मे २०२५ च्या त्या चार दिवसांत घडले असते तर?

तरीही दोन्ही देशांची वाटचाल त्याच दिशेने चालू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये पाकिस्तानने लष्कराचे स्वतंत्र रॉकेट दल उभारण्याची घोषणा केली. जानेवारी २०२६ मध्ये आपल्या लष्करप्रमुखांनीही तशा दलाची गरज बोलून दाखविली. २०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६.८१ लाख कोटी रुपये होते, तर ग्रामीण रोजगार हमीसाठी ८६ हजार कोटी. या चढाओढीचे ओझे अखेर शेतमजुराच्या पाठीवर पडते, सीमेच्या अलीकडे आणि पलीकडेही.

‘पाकिस्तानशी करार म्हणजे भाबडेपणा’ असे म्हणणाऱ्यांना युरोपचा इतिहास आठवून द्यावा लागेल. शीतयुद्ध चालू असतानाच १९८७ मध्ये अमेरिका व सोव्हिएत संघ यांनी करार केला आणि १९९१ पर्यंत २,६९२ क्षेपणास्त्रे नष्ट केली. त्यामागे रस्त्यावर उतरलेल्या लाखो युरोपीय नागरिकांचा रेटाही होता. २०१९ मध्ये तो करार संपुष्टात आला आणि शस्त्रस्पर्धेला पुन्हा मोकळे रान मिळाले. करार असण्याचे मोल तो मोडल्यावर कळते.

आमच्या मागण्या तीन आहेत. पाचशे किलोमीटरपर्यंतच्या कोणत्याही क्षेपणास्त्रावर अण्वस्त्र न ठेवण्याचा करार भारताने पुढाकार घेऊन पाकिस्तानपुढे मांडावा. लांब पल्ल्याची ‘अग्नी’ मालिका हाती असताना ‘पृथ्वी’ची अण्वस्त्रवाहक भूमिका सोडल्याने आपले काही बिघडत नाही, आणि ‘नस्र’ मागे घेण्याचे नैतिक आव्हान मात्र पाकिस्तानपुढे उभे राहते. दुसरे, चाचणीची पूर्वसूचना देण्याचा २००५ चा करार केवळ बॅलिस्टिक क्षेपणास्त्रांपुरता आहे. ‘ब्रह्मोस’सारखी क्रूझ क्षेपणास्त्रे त्याच्या कक्षेत आणावीत. तिसरे, रॉकेट दल उभारण्यापूर्वी त्याच्या आदेशव्यवस्थेवर संसदेत चर्चा व्हावी.

हे विषय तज्ज्ञांचे आहेत, सामान्यांनी त्यात पडू नये, असे सांगितले जाईल. ज्या ओडिशाच्या किनाऱ्यावरून आज ‘प्रलय’ उडते, तेथेच १९८५ नंतर बालियापालच्या शेतकऱ्यांनी आणि कोळ्यांनी क्षेपणास्त्रांच्या चाचणी-क्षेत्रासाठी आपली सुपीक जमीन देण्याचे नाकारले होते. सरकारी गाड्या येताना दिसल्या की शंख फुंकले जात, थाळ्या वाजत आणि गावच्या गाव वाटेवर आडवे होई. ते चाचणी-क्षेत्र बालियापालमध्ये झाले नाही. पानमळ्यांत राबणाऱ्या त्या माणसांनी तज्ज्ञांची परवानगी मागितली नव्हती. आमच्या कार्यकर्त्यांनी हा विषय गावोगावच्या सभांतून मांडावा. कारण ती पाच मिनिटे एकदा सुरू झाली की जनतेला बोलण्याची सवड मिळणार नाही. बोलायचे ते आजच.